दोन्ही बाजू सुलट

समस्त सोलापूरकरांना, सोलापुरात सासर किंवा माहेर असलेल्यांना आणि आयुष्यात एकदा तरी सोलापुरी चादर अंगावर ओढून झोपलेल्या तमाम जनतेला अत्यंत जबाबदारीनं कळवण्यात येतं, की आपल्या शहरात एक माणूस सलग चाळीस वर्षं एकदाही चुकला नाही. एकेचाळिसाव्या वर्षी तो एकदा चुकला. ती चूक सापडली त्या क्षणाचे साक्षीदार तीन : एक मी, दुसरे ते स्वतः आणि तिसरा एक तीळ. तिळाला बोलता येत नाही, ते स्वतः बोलणार नाहीत, म्हणून हे ऐतिहासिक काम माझ्या गळ्यात पडलं आहे.

मी बार्शीचा. नोकरीसाठी सोलापुरात आलो आणि एका चादरीच्या कारखान्यात डिस्पॅचला लागलो. तिथं ते डिझाइन मास्तर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ते ऐकून सोडून दिलं आणि पुढची सगळी वर्षं मला ‘बार्शीकर’ म्हटलं.

माणूस एवढासा. सडपातळ, काटकुळा, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि लोक खिशाला पेन लावतात तसा यांच्या खिशाला पंच. पंच म्हणजे पुठ्ठ्याला भोक पाडायचं करंगळीएवढं लोखंडी हत्यार. लग्नाला, देवळात, दाढी करायला, सगळीकडे तो बरोबर. “मास्तर, हितं कशाला पंच?” असं विचारलं तर म्हणायचे, “तुमी कान घरी ठिवून येता का?”

घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि बिघडलेल्या मागाशी दखनी, अशी त्यांनी भाषांची वाटणी केली होती. माग दखनीशिवाय ऐकत नाही असं त्यांचं ठाम मत होतं, आणि खरं सांगायचं तर ऐकायचा नाहीच.

त्यांचं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. चादरीवर फूल उमटतं ते आधी चौकटीच्या कागदावर काढावं लागतं. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. मागाच्या डोक्यावर एक यंत्र असतं, त्यात या पट्ट्यांची लांबलचक माळ फिरते. भोक असेल तिथला धागा वर येतो, नसेल तिथला खाली राहतो. एका चादरीला शेकडो पट्ट्या आणि एकेका पट्टीला शेकडो जागा. एक भोक चुकलं, की त्या पट्टीवरून निघालेल्या प्रत्येक चादरीत तीच चूक. मास्तरांचं म्हणणं, अशी चूक त्यांच्या हातून कधी झालेली नाही. आणि चिडवायला म्हणून आम्ही चार जणांनी भिंगं घेऊन चादरी तपासल्या तेव्हा आम्हालाही सापडली नाही.

आता माणूस कामात चुकत नाही हे ठीक. पण मास्तर कशातच चुकत नसत. एकदा शर्टाची गुंडी एक घर वर लागली होती, एक बाजू लोंबत होती. मी दाखवली. खाली बघून म्हणाले, “गुंडी बराबर हाय. काज चुकलंय.” बार्शीला माझ्या बहिणीच्या घरी पूजेला यायचे होते, तर एस.टी. चुकली. दुसऱ्या दिवशी मला सुनावलं, “तुमची गाडी येळेच्या आधी गेली. कळवा त्यांना.” त्यांच्या बायको एकदा मला चहा देता देता म्हणाल्या, “हे म्हणतात, आयुष्यात एकच चूक झाली, लग्न. पण ती पण म्हणे वडिलांनी केली.”

मास्तर शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली. हिशेब बरोबर होता.

नव्या पेठेतले चादरवाले त्यांना लांबून पाहिलं की शोकेसमधला माल आत घेत. कारण हे दुकानात शिरणार, चादरीचा कोपरा दोन बोटांत धरणार, उलटा करणार आणि भर गिऱ्हाइकांत विचारणार, “ही कुणी केली? त्याला घरी लहान पोरं हायत का? झोप होत नसंल.” एकदा एक बाई वैतागून म्हणाल्या, “अहो काका, उलटी बाजू काय बघताय?” झालं. मास्तरांचं आवडतं वाक्य बाहेर यायला एवढं निमित्त पुरे.

“सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते, ताई. दोन्ही बाजू सुलट.”

आणि ते खरंच आहे. एका अंगाला पांढऱ्यावर मरून फूल असतं, चादर फिरवली की मरूनवर पांढरं फूल. हवी ती बाजू वर घाला. मास्तर हे असं सांगायचे, की जणू ही सोय त्यांनी स्वतः देवाला सुचवली होती.

मोहोळची गोष्ट तर आमच्या कारखान्यात अजून सांगतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि हे बसल्या पलंगावरच्या चादरीचा कोपरा वर करून बोटानं पाकळ्या मोजत होते. मुलीचे वडील अवघडून म्हणाले, “पावणं, मुलगी बघा की.”

“मुलगी चांगली हाय,” मास्तर मान वर न करता म्हणाले. “पण ह्या फुलाला सात पाकळ्या, शेजारच्याला आठ. चादर कुणी गळ्यात मारली तुमच्या?”

वडिलांचा चेहरा पडला. मुलगी मात्र ट्रेसकट खो खो हसली, इतकी, की पोहे सांडले. पुतण्या त्या हसण्यावर जागच्या जागी खलास झाला आणि लग्न जमलं. सात पाकळ्यांची चादर रुखवतात आली. मास्तर आजही त्या जोडप्याकडे बोट दाखवून म्हणतात, “मी बघितलेली मुलगी.” बघितलं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

मी एकदा धीर करून म्हटलं, “मास्तर, माणसानं एवढा गर्व करू नये.”

मे महिन्यातली दुपार होती. सोलापूरचा मे. पंखा गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकत होता. मास्तर पट्टीवर वाकले होते. त्यांनी पंच खाली ठेवला, घाम पुसला.

“बार्शीकर, दुपारचं तीन वाजल्यात. हजारावं भोक पाडतोय. डोळं मिटाय लागल्यात. ह्या टायमाला माणसाला जागं कोण ठिवतं? पगार? पगार एक तारखेला येतो. मालक? मालक घरी झोपलाय. मला माझा गर्व जागा ठिवतो की. तो झोपला तर तुमच्या चादरीला पण सात पाकळ्या.”

आणि त्यांनी पुढचं भोक पाडलं. मी आपला डिस्पॅचमध्ये परतलो आणि त्या दिवशीची सगळी लेबलं दोनदा तपासली. कुणाचा तरी गर्व अंगावर उडतो तो असा.

आता शेठ. शेठ म्हणजे आमचे मालक. घरात कानडी, बाहेर मराठी, मनानं मोकळे, हाताखालच्या माणसाच्या लग्नाला, आजारपणाला धावून जाणारे. एकच जागा हळवी होती : रूप. रंगानं शेठ चांगले सावळे, पण फोटोच्या दिवशी गोरे असत. उजव्या गालावर मोठा तीळ, त्याला ते भाग्याचा मानत. तोंडात कायम मावा, म्हणून फोटोत ओठ मिटलेले हवेत. पण हसायची सवय जात नसे, दात दिसतच. आणि केस! साठी आली तरी काळेभोर. दर शनिवारी भांगात एक पांढरी रेघ दिसायची आणि रविवारी दुपारपर्यंत ती गायब व्हायची. कारखान्यातल्या सगळ्यांना कारण माहीत होतं आणि कुणीही त्याबद्दल बोलत नसे. बोलला होता एकच जण, आमच्या पॅकिंगमधला. चेष्टेत म्हणाला, “शेठ, आज शनिवार वाटतं?” सोमवारी त्याची बदली मोहोळच्या गोडाऊनला झाली. गोडाऊनमध्ये तो आणि कबुतरं.

शेठची एकसष्टी आली. त्यांचा मुलगा पुण्यात शिकून आला होता. तो म्हणाला, बाबांचा मोठा फोटो छापून घेऊ. मास्तर उठून उभे राहिले. “चादरीच्या कारखान्याच्या मालकाचा फोटो कागदावर? मी शेठना चादरीत विणतो.”

“मग डिझाइन कॉम्प्युटरवर करू, मास्तर. चूक झाली तर दुरुस्त करता येते.”

“म्हणून तर चूक व्हते,” मास्तर म्हणाले. “ज्याला पुसता येतंय तो चुकणारच. भोक पुसता येत न्हाय, म्हणून माणूस इचार करून पाडतो.”

“आणि तरी चुकलं तर?”

चहाची वेळ होती. सगळा कारखाना उभा होता. मास्तरांनी खिशातला पंच काढून सगळ्यांना दाखवला. “एक जरी जागा चुकली, तर हा शेठच्या म्होरं टेबलावर ठिवीन आणि घरी जाऊन बसीन. परत पंच धरणार न्हाय.”

ही बातमी त्यांच्या घरी त्यांच्याआधी पोचली. मी संध्याकाळी काही कामानं गेलो तर बायको दारातच थांबल्या होत्या. नवऱ्याला त्या ‘एमंडी’ म्हणत, म्हणजे आपलं ‘अहो’. “एमंडी, काय हे बोलून आलात?” असं आत एकदा विचारून झालं होतं. मग मला बाजूला घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ जाग्यावर होती. “बार्शीकर भाऊ, ह्यांना सांभाळा. तो पंच काढून घेतला तर ह्या माणसात काय उरतंय? आणि उरलं ते दिवसभर माझ्या घरात बसणार. माझ्या कडक भाकरीला पण सांगतील, हितं काठ चुकलाय.”

मास्तरांनी दोन महिने घेतले. शेठचा फोटो चौकटीच्या कागदावर उतरवला, पट्ट्या पाडल्या, माग स्वतः चालवला. दाराला आतून कडी. कापड मागावर चढलेलं असताना रोज फोटो शेजारी धरून ताडून बघत. तीळ उजव्या गालावर, बरोबर. विणून झालं तसं गुंडाळून वर्तमानपत्रात बांधलं. एकसष्टीच्या दिवसापर्यंत कुणी बघायचं नाही, असा हुकूम.

त्या दिवशी दुपारी हॉलमध्ये चादर टांगायचं काम माझ्याकडे होतं. मी शिडीवर, मास्तर खाली. मी घडी उलगडली, चादर खाली सोडली, आणि खरं सांगतो, मला शिडीवरच हात जोडावेसे वाटले. साक्षात शेठ. पांढरा चेहरा, मरून केस, मिशीचा आकडा, हसणं. आणि डाव्या गालावर तीळ.

“मास्तर,” मी म्हणालो, “शेठचा तीळ कुठल्या गालावर?”

“उजव्या.”

“मग हा?”

मास्तरांनी बघितलं. मग हॉलच्या दारात शेठचा शुभेच्छांचा भलामोठा फ्लेक्स लागला होता, तिथं गेले. परत आले. परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, “फ्लेक्स चुकलाय.”

मी शिडीवरून खाली उतरलो.

“नायतर शेठचाच तीळ हलला आसंल.”

मी फ्लेक्सकडे बोट केलं. मग मास्तर स्टेजच्या पायरीवर बसले. खिशातून फोटो काढला, मांडीवर पालथा केला, सुलटा केला, पुन्हा पालथा केला. आणि त्यांना कळलं. कापड मागावर पालथं विणलं जातं, तोंड खाली करून. आपण वरून बघतो ती मागची बाजू. म्हणजे कागदावर डावं ते उजवं करून काढायला हवं होतं. मागावर जो तीळ रोज बरोबर दिसत होता, तो चादर उलटल्यावर बरोब्बर दुसऱ्या गालावर गेला.

“पण मास्तर, चाळीस वर्षांत हे कधी कसं लक्षात आलं नाही?”

“चाळीस वर्षं फुलं काढली. मोर काढले. अक्षरं मी घेत न्हाय, नावाचं लेबल शिवून लावतो आपण.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “मोराला कोण इचारतंय, बाबा तुझा तीळ कुठल्या गालावर?” मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “बार्शीकर. माझे सगळे मोर उलटीकडं बघत्यात.”

मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी म्हणालो, “मास्तर, कोण बघतंय एवढं? हार घालतील, जेवतील, जातील.”

“मला दिसतंय की.”

ते उठले, चादरीपाशी गेले, सवयीनं कोपरा दोन बोटांत धरला आणि वर केला. मागच्या बाजूचा चेहरा दिसला. तीळ उजव्या गालावर. मास्तरांच्या डोळ्यांत जीव आला. “काढा. फिरवा. ही बाजू लावू. दोन्ही बाजू सुलट.”

“मास्तर! पण ह्या बाजूला रंग उलटे झालेत. केस बघा!”

केस पांढरेशुभ्र होते. मिशी पांढरी. चेहरा गडद मरून. दातसुद्धा मरून. तीळ तेवढा साबुदाण्यासारखा चमकत होता.

“केस मी बघत न्हाय,” मास्तर म्हणाले. “मी भोकं बघतो.”

मोहोळचं गोडाऊन माझ्या डोळ्यांपुढून कबुतरांसह उडत गेलं. तरी मी चादर फिरवली. का, ते विचारू नका. त्या माणसाला त्या पायरीवर बसलेलं मला पुन्हा बघायचं नव्हतं.

संध्याकाळी हॉल भरला. शेठ रेशमी सदरा घालून, फोटोच्या दिवसासारखे गोरे होऊन आले. शेजारी मालकीणबाई. या बाईंचा आवाज चारचौघांत कुणी ऐकलेला नव्हता; हळदीकुंकवालासुद्धा त्या मानेनंच बोलत. पुढच्या रांगेत मास्तरांच्या बायको, पदर तोंडाला लावून. भाषणं झाली. शेठच्या सूनबाईंनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला.

टाळ्या वाजायला सुरुवात झाली आणि मधेच बंद पडली.

शेठनी बघितलं. हात आपोआप स्वतःच्या केसांकडे गेला. मग मुलगा पुढे झाला, चादरीचा कोपरा उचलून त्यानं मागं बघितलं आणि हुश्श केलं. “बाबा, उलटी टांगलीय. पांढरी बाजू मागं आहे.”

शेठ गरजले. समोर माइक चालू होता. “बार्शीकर! तुला टांगायला सांगितली आणि उलटी टांगलीस? डोळं हायत का भिंगं? उद्यापासून मोहोळ!”

अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी मास्तरांकडे बघितलं. बघा, त्यांना काहीच करायचं नव्हतं. गप्प बसले असते तर चाळीस वर्षांचा विक्रम शाबूत. चादर फिरवली असती, तीळ कुणी बघितला नसता, मी कबुतरांना दाणे टाकत बसलो असतो. त्यांच्या बायकोची मान पदराआड नाही-नाही अशी हलत होती, ती मला अजून दिसते.

मास्तर स्टेजवर चढले. माइक त्यांच्या उंचीला वर होता, टाचा उंचावून बोलले.

“शेठ, बार्शीकरला एवढी मोठी चूक जमणार न्हाय. त्याची तेवढी लायकी न्हाय. ही माझी हाय.” पुढचा शब्द त्यांनी आयुष्यात कधी वापरला नव्हता, तो घशातून वर येताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. “चुकलो. त्या बाजूला तीळ डाव्या गालावर गेलाय. म्हणून ही बाजू मीच लावाय सांगितली. माझ्या भोकाला दुसऱ्याचं नाव नको.”

आणि खिशातला पंच काढून त्यांनी शेठच्या पुढ्यात, सत्काराच्या नारळाशेजारी ठेवला. टक् असा आवाज माइकमधून हॉलभर गेला. शेठ एकदा पंचाकडे बघत होते, एकदा पांढऱ्या केसांच्या स्वतःकडे.

पुढचं सगळं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटचं वाक्य माझं नाही. मास्तरांनी त्यानंतर आणखी सात वर्षं भोकं पाडली. पंच शेठनी स्वतःच्या हातानं त्यांच्या खिशाला लावला. मी मोहोळला गेलो नाही. ती चादर शेठच्या केबिनमध्ये आहे, त्याच बाजूनं, आणि तिच्याखाली बसणारे शेठ हल्ली अगदी तिच्यासारखे दिसतात. मास्तर घरी असतात, बायकोच्या भाकरीला अजून तरी काही म्हणालेले नाहीत. त्या रात्रीचा विषय काढला की एवढंच म्हणतात, “चादर बराबर होती. लोकं उशिरा हसली.”

उशिरा हसली हे मात्र खरं. त्या क्षणी सगळा हॉल स्टेजकडे बघत होता. पंच टेबलावर, मास्तर पाठ फिरवून पायरी उतरायच्या बेतात, शेठचं तोंड उघडं. आणि मालकीणबाई, ज्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता, त्या इतका वेळ चादरीकडे मान वाकडी करून बघत होत्या. समोर माइक आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“अय्या, चुकलंय कुटं? रविवारी सकाळी मी डाय लावायच्या आधी हे अस्सेच दिसत्यात की!”